‘पऱ्हाटी’ नीट दिसली पाहिजे : नवोदित लेखिकेच्या संकेतस्थळाविषयी

दारव्हा तालुक्यातल्या एका गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल असलेल्या ताईंनी विचारले आहे. त्यांचा वऱ्हाडी कथांचा पहिला संग्रह दिवाळीच्या सुमारास छापून येणार आहे आणि लेखिका म्हणून स्वतःचे व्यवस्थित संकेतस्थळ असावे, अशी त्यांची इच्छा आहे. यवतमाळच्या एका डिझायनरने त्यासाठी पंचवीस हजार रुपये सांगितले आहेत, पुण्यात शिकणारा भाचा फुकट करून देतो म्हणतो आणि हाताशी साधन म्हणाल तर एक मोबाईल व वाचनालयातला जुना संगणक. कोणती पाने असावीत, किती खर्च करावा आणि सुरुवात कुठून करावी, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, मी अकरा वर्षे अमरावतीत एका छापखान्यात अक्षरजुळणी केली आणि २००९ पासून लेखक, लहान प्रकाशक आणि नाट्यमंडळे यांची संकेतस्थळे करतो आहे. त्या अनुभवावरून एक गोष्ट आधीच सांगतो. तुमचा वाचक संकेतस्थळाच्या पहिल्या पानावरून आत येणार नाही. तुमच्या मैत्रिणीने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या एखाद्या कथेच्या लिंकवर बोट ठेवून तो थेट त्या कथेवर उतरेल. त्या वेळी तो एसटीच्या थांब्यावर असेल, फोन तीन-चार वर्षे जुना असेल, नेटवर्क येत-जात असेल आणि त्याच्याकडे फार तर एक-दोन मिनिटे असतील. डिझायनर तुम्हाला संगणकाच्या मोठ्या पडद्यावर जे सरकते फोटो आणि उमलणारी फुले दाखवील, त्यांतले या माणसाला काहीही दिसणार नाही. वडसा देसाईगंजच्या झाडीपट्टी नाटक कंपनीचे संकेतस्थळ पोस्टरसारखे भडक असले तर ते शोभते, कारण तिथे तारखा आणि कलाकारांची नावेच पाहायची असतात. लेखिकेच्या संकेतस्थळावर लोक वाचायला येतात, म्हणून मजकूर बरोबर दिसणे आणि सहज वाचता येणे हेच तिथले मुख्य काम आहे.

आता नावाकडे वळू. डोमेन म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, आणि तो तुमच्या स्वतःच्या नावाचा घ्यावा, संग्रहाच्या नावाचा नव्हे. दुसरे पुस्तक आले की पहिल्याच्या नावाचा पत्ता अडचणीचा होतो. आपल्याकडच्या आडनावांची रोमन स्पेलिंगे हा एक स्वतंत्र गोंधळ आहे. वानखडे आणि वानखेडे यांत मराठीतच एका मात्रेचा फरक, मग रोमनमध्ये तीन-चार प्रकार होतात. म्हणून पुस्तकावर रोमन लिपीत जे स्पेलिंग छापणार असाल, तेच डोमेनमध्ये, ईमेलमध्ये आणि फेसबुकवर ठेवावे. ‘डॉट इन’ किंवा ‘डॉट कॉम’ यांपैकी जे मिळेल ते घ्या. वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आत-बाहेर खर्च येतो. देवनागरीतले ‘.भारत’ डोमेन २०१४ पासून मिळते आणि कागदावर छापलेले ते फार देखणे दिसते, परंतु ईमेलसाठी आणि अनेक अर्जांमध्ये ते अजून सुखाने चालत नाही. त्यामुळे हौस असल्यास ते जोडीला घ्यावे, त्याच्यावर सगळा भार टाकू नये.

डोमेन कोणाच्या नावावर नोंदवायचे, याबाबत मात्र मी हट्टी आहे. माझ्याकडे सात-आठ वर्षांपूर्वी एक कवी आले होते. त्यांचे डोमेन एका नातेवाइकाने स्वतःच्या ईमेलवरून घेतले होते. पुढे तो मुलगा परदेशी गेला, तो ईमेल त्याने वापरणे सोडले, नूतनीकरणाच्या सूचना त्याच पेटीत पडून राहिल्या आणि मुदत संपली. काही महिन्यांनी त्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात दिसू लागली. तोपर्यंत दोन कवितासंग्रहांच्या मलपृष्ठांवर तोच पत्ता छापून झालेला होता आणि त्यांनी उरलेल्या प्रतींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. म्हणून भाच्याने काम करावे, आनंदाने करावे, पण डोमेन तुमच्या ईमेलवरून, तुमच्या मोबाईलवर ओटीपी येईल अशा रीतीने आणि तुमच्याच खात्यातून पैसे भरून घ्यावे. तीन वर्षांचे पैसे एकदम भरता आले तर उत्तम. पासवर्ड वहीत लिहून ठेवण्यात कमीपणा नाही; ती वही कुठे आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला ठाऊक असावे.

पंचवीस हजारांविषयी माझे मत स्पष्ट आहे: पहिल्या पुस्तकासाठी ते देऊ नका. गुगलच्या ब्लॉगरवर जागेला पैसे पडत नाहीत आणि त्याला स्वतःचे डोमेन जोडता येते, म्हणजे वर्षाचा खर्च फक्त डोमेनपुरता राहतो. वर्डप्रेस हे संकेतस्थळ चालवण्याचे सॉफ्टवेअर अधिक लवचीक आहे, पण स्वतःच्या होस्टिंगवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवरच्या जागेत, ते चालवायचे तर वर्षाला काही हजार रुपये लागतात, अद्ययावतीकरण आणि बॅकअप यांच्याकडे कोणीतरी लक्ष द्यावे लागते आणि पहिल्या वर्षाचा स्वस्त दर नूतनीकरणाच्या वेळी बराच वाढलेला दिसतो. महिन्यातून एकदा संगणकावर बसून हे पाहण्याची तयारी असेल तर वर्डप्रेस, नसेल तर ब्लॉगर, इतका सरळ हिशोब आहे.

खरी मेहनत याच्या पुढे आहे आणि तिच्याबद्दल डिझायनर सहसा बोलत नाहीत. तुमचा संग्रह छापखान्यात ज्या फाईलमध्ये जुळवला जातो आहे, ती बहुधा पेजमेकर या पानजुळणीच्या जुन्या सॉफ्टवेअरची असेल आणि फॉन्ट श्रीलिपी किंवा तसाच एखादा जुन्या पद्धतीचा असेल. या फॉन्टांमध्ये संगणकाच्या लेखी साठवलेली असतात ती रोमन अक्षरे व चिन्हे. त्यांच्या जागी देवनागरी आकार केवळ चितारलेले असतात. त्यामुळे तोच मजकूर उचलून संकेतस्थळावर चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा आणि उलट्यासुलट्या चिन्हांचा काला समोर येतो. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेतांक असलेल्या पद्धतीत, आणण्यासाठी परिवर्तक सॉफ्टवेअर मिळतात, पण त्यांच्यावर आंधळा विश्वास ठेवण्यासारखी स्थिती नाही. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी कागदावर दिसते तशी अक्षराच्या आधी टंकलेली असते, तर युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवली जाते; रफाराचे नेमके उलटे होते. साध्या अक्षरांवर हे स्थलांतर नीट पार पडते, जोडाक्षर आले की वेलांटी किंवा रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. म्हणून परिवर्तन झालेल्या मजकुराचे मुद्रितशोधन पुस्तकाइतक्याच काळजीने करावे लागते.

आपल्या भागाच्या लेखकांना यात एक खास काटा आहे, तो ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांचा. वऱ्हाड, पऱ्हाटी (म्हणजे कपाशीचे झाड), शेतकऱ्याले, वाऱ्यावर, बिचाऱ्याचं. आपल्या कथेतले निम्मे जग या अर्ध्या ‘र’वर उभे आहे आणि नेमके इथेच परिवर्तक चुकतात. ‘पऱ्हाटी’ची ‘पर्हाटी’ होते, म्हणजे तो कोयत्यासारखा अर्धा ‘र’ जाऊन डोक्यावर रफार चढतो. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ती चूक कळेलच असे नाही, पण आपल्या माणसाला पहिल्याच ओळीत खडा लागतो. हे मी फुशारकीने सांगत नाही. एका वऱ्हाडी कवीच्या संकेतस्थळाच्या शीर्षकपट्टीत माझ्या हातून ‘वर्हाडी’ गेले आणि आठ महिने तसेच राहिले. शेवटी त्यांच्या आठवीतल्या नातीने दाखवले.

त्यात आणखी एक बारकावा आहे. हा अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. पहिली रीत म्हणजे नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला ‘ऱ’ घेऊन त्याचा पाय मोडणे. दुसरी म्हणजे साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह टाकणे. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने ते वेगळे शब्द आहेत. एका कथेत ‘पऱ्हाटी’ एका रीतीने आणि दुसरीत दुसऱ्या रीतीने टंकली असेल, तर पानावर शोध घेताना एक सापडते आणि दुसरी सापडत नाही. पहिली रीत कायमची धरावी. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाणित कळफलकावर साधा ‘र’ ज्या कळीवर आहे, तीच कळ शिफ्टसह दाबली की नुक्त्याचा ‘ऱ’ मिळतो. मग हलन्त आणि पुढचे अक्षर. एकदा बोटांना सवय झाली की विचार करावा लागत नाही.

फॉन्टच्या बाबतीत चैन करण्याचे कारण नाही. वाचनाच्या मजकुरासाठी ‘तिरो देवनागरी मराठी’ मला फार आवडतो. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे त्याच्यात मुळातच आहेत. हिंदी वळणाचा ‘ल’ पाहून आपल्या जुन्या वाचकांच्या कपाळावर आठी पडते, ती पडत नाही. शीर्षकांसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेला ‘मुक्ता’ चांगला. दोन्ही मोफत आहेत. तिसरा फॉन्ट घेऊ नका, कारण प्रत्येक फॉन्टची फाईल वाचकाच्या फोनला वेगळी उतरवून घ्यावी लागते. संकेतस्थळाच्या सेटिंगमध्ये भाषा ‘मराठी’ निवडायला विसरू नका. ज्या फॉन्टांत हिंदी व मराठी अशी दोन्ही वळणे असतात ते या नोंदीवरूनच योग्य वळण उचलतात आणि दृष्टिहीन वाचकांचे वाचक-सॉफ्टवेअरही तिच्यावरून उच्चार ठरवते.

तयार थीम, म्हणजे मांडणीचे आयते साचे, घेतल्या की त्या रोमन लिपीचे संस्कार सोबत आणतात. शीर्षकातल्या अक्षरांमध्ये मुद्दाम सोडलेली जागा इंग्रजीत रुबाबदार दिसते. देवनागरीत तिने शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ती जागा शून्य करावी. तिरपी अक्षरे देवनागरीच्या परंपरेत नाहीत, संगणक ती नुसती कलती करतो, तेव्हा बोलीतल्या शब्दांवर भर द्यायचा असेल तर ठळक ठसा किंवा अवतरणचिन्हे वापरावीत. परिच्छेदाचे पहिले अक्षर मोठे करण्याची सजावट काना-मात्रांशी जुळत नाही. आणि ओळींमधले अंतर अक्षराच्या उंचीच्या पावणेदोनपट तरी असावे, कारण आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर मात्रा-रफार आणि खाली उकार असा दोन्हीकडे संसार असतो. इंग्रजीच्या मापाने ठेवलेल्या ओळींत वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेला जाऊन टेकतो.

पाने किती असावीत? माझ्या मते चार पुरेत: पुस्तक, कथा, परिचय, संपर्क. पहिले पान म्हणजे पुस्तकाचेच पान समजा. त्यावर मुखपृष्ठ, मलपृष्ठावरचा मजकूर, पृष्ठसंख्या, किंमत, प्रकाशकाचे नाव, तेरा अंकी आयएसबीएन आणि मागवण्याची सोय एवढे असले की झाले. ‘स्वागत आहे’ असे लिहून पानाची जागा घालवू नये.

परिचय हा मजकूर सर्वाधिक वापरला जातो आणि सर्वांत वाईट लिहिला जातो. तो वाचणारी मंडळी कोण, हे ध्यानात घ्यावे: साहित्य संस्थेच्या शाखेत कार्यक्रमाला बोलावणारा संयोजक, परीक्षण छापणारा संपादक, सूत्रसंचालन करणारी प्राध्यापिका. विदर्भ साहित्य संघाच्या एखाद्या शाखेत तुमचा कार्यक्रम ठरला की आदल्या रात्री साडेनऊला निरोप येतो, ‘ताई, परिचय आणि फोटो पाठवा.’ तेव्हा पानावर तृतीयपुरुषी लिहिलेला पन्नास शब्दांचा एक आणि दोनशे शब्दांचा एक असे दोन परिचय असावेत, म्हणजे पहिला निमंत्रणपत्रिकेत आणि दुसरा सूत्रसंचालनात जसाच्या तसा उचलता येईल. शेजारी छपाईला चालेल इतका मोठा फोटो उतरवून घेण्याची सोय ठेवावी. ‘सुप्रसिद्ध’, ‘संवेदनशील’ ही विशेषणे टाळावीत. त्याऐवजी कोणत्या गावी राहता, कोणत्या बोलीत लिहिता आणि कथा कुठे छापून आल्या हे लिहावे. प्रवेशशुल्क घेऊन दिलेल्या पुरस्कारांची यादी लावण्याचा मोह हल्ली सर्वांनाच होतो. जाणता संपादक ती पाहून पुस्तक बाजूला ठेवतो, एवढेच सांगतो.

कथांच्या पानावर एक कथा पूर्ण द्यावी, तुकडे देऊ नयेत. अर्ध्यावर तोडून ‘पुढे पुस्तकात वाचा’ म्हटले की वऱ्हाडी वाचक काय म्हणेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण कोणती कथा द्यायची हे ठरवण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. प्रकाशकाशी झालेल्या करारात डिजिटल हक्क कोणाकडे आहेत ते पाहावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखनाचा मूळ हक्क तुमचा असतो आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, पण त्या मुदतीत तुम्ही काय लिहून दिले आहे त्याला महत्त्व आहे. दुसरे, दिवाळी अंक आणि कथास्पर्धा बहुतेक वेळा अप्रकाशित लेखन मागतात आणि संकेतस्थळावर टाकलेली कथा प्रकाशित धरली जाते. त्यामुळे नवी, कुठे न पाठवलेली कथा इथे टाकू नका. संग्रहातली, आधी एखाद्या अंकात येऊन गेलेली कथा निवडा. बोलीतल्या शब्दांचे अर्थ कथेच्या शेवटी आठ-दहा ओळींत द्यावेत. ‘ढोला’, ‘सांदवाडी’, ‘काहून’ यांचे अर्थ विचारायला नाशिकचा वाचक तुम्हाला फोन करणार नाही, तो पान बंद करील.

त्या कथेचा पत्ता रोमन लिपीत आणि आखूड ठेवा. वर्डप्रेस शीर्षकावरून आपोआप देवनागरी पत्ता तयार करते, तो ब्राउझरमध्ये सुंदर दिसतो, पण नक्कल करून पाठवला की प्रत्येक अक्षर-मात्रेची नऊ चिन्हे होतात; ‘कविता’ एवढ्या शब्दाची पंचेचाळीस. असा लांबलचक, टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेला दुवा व्हॉट्सॲपवर आला की लोकांना तो फसवणुकीचा वाटतो आणि आजच्या दिवसांत त्यांना दोष देता येत नाही. याच जोडीने दुव्यासोबत दिसणारे चित्र, शीर्षक आणि दोन ओळींचा सारांश ठरवून द्यावा. चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलचे आणि तीनशे केबीच्या आत असले की ते सहसा हमखास उमटते. वाचक दारातून आत येणार की नाही, हे तुमच्या सगळ्या मांडणीपेक्षा या लहानशा चौकटीवर अधिक ठरते.

फोटोंच्या वजनाचा धडा मला फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्याच्या ९६व्या अखिल भारतीय साहित्य संमेलनात मिळाला. एका लेखकाच्या पुस्तकावर मी क्यूआर कोड छापून दिला होता. ग्रंथप्रदर्शनाच्या गर्दीत नेटवर्क मंदावलेले होते आणि मुखपृष्ठाची मूळ पाच एमबीची फाईल मी लहान न करता तशीच चढवली होती. लोक कोड स्कॅन करायचे, पांढऱ्या पडद्याकडे पाहत उभे राहायचे आणि पुढच्या गाळ्याकडे वळायचे. तेव्हापासून कोणतेही चित्र मी दीडशे केबीच्या वर जाऊ देत नाही.

विक्रीसाठी खरेदीची टोपली, पेमेंट गेटवे वगैरे काही नको. महिन्याला दहा-वीस प्रती जाणार असतील तर एक साधा गुगल फॉर्म आणि यूपीआयचा क्यूआर कोड पुरे. मोबाईल क्रमांक नसलेला यूपीआय आयडी बँकेच्या ॲपमधून तयार करून तोच वापरा, म्हणजे तुमचा क्रमांक जगजाहीर होत नाही. संपर्कासाठीही ईमेलच द्यावा. पोस्टाची पुस्तकांसाठीची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा १ मे २०२५ पासून सुरू झाली असून ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये अधिक कर असा तिचा दर ठरला. दीडशे पानांचे पुस्तक वेष्टनासह बहुधा त्यात बसते. कोणती पुस्तके तिच्यात चालतात याच्या अटी आहेत, त्या एक प्रत हातात घेऊन डाकघरात विचाराव्यात आणि मगच पानावर टपालखर्च लिहावा.

सर्वांत आधी करायचे काम मात्र या आठवड्यातले आहे. छापखान्यातून संग्रहाची अंतिम, शेवटच्या दुरुस्त्या झालेली फाईल, तिचे फॉन्ट आणि पीडीएफ अशी तिन्ही पेन ड्राईव्हवर मागून घ्या. पुस्तक छापून झाले की सहा महिन्यांत तो संगणक फॉरमॅट झालेला असतो. मी स्वतः कितीतरी लेखकांच्या फाईली अशा घालवल्या आहेत. मग एका कथेचे परिवर्तन करा, ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ एकेक शोधून तपासा आणि ती कथा वाचनालयात रोज पेपर वाचायला येणाऱ्या एखाद्या बाबांना त्यांच्याच फोनवर लिंक पाठवून मोठ्याने वाचायला सांगा. तुम्ही शेजारी गप्प बसा. ते कुठे अडखळले, अक्षर मोठे करायला दोन बोटे कुठे लावली, पुस्तकाची किंमत त्यांना न विचारता सापडली का, हे कागदावर टिपा आणि तो कागद भाच्याला पाठवा.